आंदणातला गुंड

सुट्टीच्या दिवशी मला घराबाहेर पाठवू नये, असं माझं स्वतःचंच मत आहे.

आठवड्याचे सहा दिवस मी एका राईस मिलच्या धर्मकाट्यावर बसतो. धानाचे ट्रक येतात, मी वजन लिहितो, आणि आजवर एका पोत्याचीसुद्धा चूक केलेली नाही. सोमवारी सुट्टी. त्या दिवशी गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्याच्या घरी बायको, म्हणजे शालिनी, माझ्या हातात कामांची यादी देते, आणि मग सहा दिवसांच्या राहिलेल्या सगळ्या चुका मी संध्याकाळपर्यंत करून टाकतो.

तो सोमवार मात्र साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीचं, पल्लवीचं लग्न होतं. इटियाडोहच्या कालव्याकाठी ताईचं सासर आहे, तिथंच मांडव घातला होता. आणि आमच्याकडं लग्नात आंदण देतात ते गुपचूप लिफाफ्यात घालून नाही. सगळी भांडीकुंडी मांडवात खाटेवर मांडतात आणि एक माणूस माईकवरून कुणी काय दिलं ते साऱ्या गावाला ऐकवतो! त्यात मामानं द्यायचा तो पितळी गुंड. पाण्याचं भांडं, पोटानं मोठं, तोंडानं लहान. बाकी कुणी फ्रिज देवो की कूलर, लोकांचे कान टवकारतात ते मामाच्या नावाला.

त्या नावाला माझ्यापायी आधीच डाग लागलेला होता. चार वर्षांपूर्वी थोरल्या भाचीच्या लग्नात मी पैशाच्या अडचणीत होतो, म्हणून मी स्टीलचं पातेलं दिलं. माईकवरच्या माणसानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मामाकडून एक पातेलं. झाकणाविना!" तेव्हापासून दर दिवाळीला भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीवर मला विचारतात, "का जी साळेबुवा, झाकन भेटलं का?" मी हसतो. ताई मात्र खाली मान घालून आत जाते. भाऊजींचं मला काही वाटत नाही (वाटतं, पण सांगत नाही), पण ताईची ती खाली गेलेली मान मला चार वर्षं छळत होती. या वेळी गुंडच द्यायचा, असा मी पण केला होता.

पण आणि पगार यांचा काही संबंध नसतो. घरात होते पाच हजार, आणि त्यात गुंडाबरोबर घरची बाकीची कामंही बसवायची होती. शालिनीनं जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं (आमच्या घरी जुनं कॅलेंडर टाकत नाहीत, त्याच्या पाठीवर वर्षभर याद्या होतात) आणि लिहिता लिहिता मला समजावू लागली.

"दळन टाकजा, पन तिथंच उभे राहजा. मागच्या खेपेले दुसऱ्याचं पीठ घेऊन आले होते तुमी."

"बरं."

"टेलरकडं माझा ब्लाऊज हाये. तो 'उद्या या' म्हनंल. त्याच्यापुढं रडजा. पन आजच आनजा."

"रडू?"

"मंग का मी रडू? आन आता गुंडाचं ध्यान देऊन ऐका जी. दिसाले मोठा पायजे, वजनाले हलका. पितळेचे पैसे किलोवर लागतेत. पोटाचे नाही लागत!"

एवढं अर्थशास्त्र मला कुणी शाळेत शिकवलं असतं तर मी आज मिलचा मालक असतो. मी यादी खिशात घातली. गुंडावर नाव कोरून घ्यायचं होतं. आधी माझ्या मनात 'चि. सौ. कां. पल्लवी हिस मामा-मामींकडून सप्रेम भेट' असा लांबलचक मजकूर होता. पण कोरणारा अक्षराप्रमाणे पैसे घेतो हे आठवलं, आणि मी एकेक शब्द गाळत गेलो. आधी सप्रेम गेलं, मग भेट गेली, शेवटी मामीही गेल्या. उरलं, 'पल्लवीस – मामा'. नवा कागद कशाला नासवा, म्हणून तेवढं मी त्याच पानाच्या पुढच्या बाजूला, तारखांमधल्या एका रविवारच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहून टाकलं.

गोंदियाच्या बाजारातल्या भांड्याच्या दुकानात शेठनं आधी एक गुंड माझ्यापुढं आदळला. जमीन हलली.

"ये देखो भैया, साढ़े पाँच किलो. सौ साल चलेगा."

"सौ साल कायले पायजे? जरा... दिखने में बड़ा और वजन में..."

शेठनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मामा हो क्या?"

"हो."

"छोटू, ऊपर वाला माल निकाल. मामा लोग आए हैं."

वरच्या फळीवरून जो गुंड खाली आला, त्याचं पोट आधीच्या गुंडापेक्षा मोठं होतं आणि वजन दोन किलो सातशे. उन्हात धरला तर पलीकडचं दिसेल की काय अशी शंका यावी, इतका पत्रा पातळ! पण चकाकी अशी की त्यात मला माझं तोंड दिसलं, आणि ते बऱ्याच दिवसांनी समाधानी दिसलं. मी पैसे मोजले आणि गुंड काखेत घेऊन नाव कोरणाऱ्या चाचांकडं गेलो.

चाचा दुकानाच्या पायरीवर बसतात. हातात गुरगुरणारं लहानसं यंत्र, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांच्यापुढं आधीच सहा-सात भांडी रांगेत होती. मी त्यांना कॅलेंडरचं पान दिलं आणि एक वाक्य बोललो. त्या वाक्यासाठी मला आजही झोपेत घाम फुटतो.

"चाचा, जैसा लिखा है वैसाच डालना. एक अक्षर इधर का उधर नहीं होना!"

"आप फिकर मत करो. दो घंटे में आना."

पहिली अर्धी लढाई जिंकल्याच्या थाटात मी स्कूटर सुरू केली आणि गिरणीशी येऊन खिशात हात घातला. यादी नाही! शर्टाचे खिसे झाले, पँटचे झाले, डिक्की झाली, दळणाच्या पिशवीत हात घालून गहूसुद्धा ढवळून पाहिले. यादी कुठं पडली असेल याचा मी खूप विचार केला, आणि ती मी स्वतःच्या हातानं चाचांना दिली, हे सोडून बाकी सगळं मला सुचलं.

शालिनीला फोन करून 'यादी हरवली' असं सांगण्याची माझी छाती नव्हती. म्हणून मी डोक्यावर भिस्त ठेवली. डोक्यात एवढंच शिल्लक होतं की एका ठिकाणी उभं राहायचं आहे आणि एका ठिकाणी रडायचं आहे. कुठं काय, ते मात्र पुसलं गेलं होतं.

मी विचार केला, आणि गिरणीवाल्यापुढं रडलो.

"भाऊ," मी आवाज कापरा करून म्हणालो, "काही करा, पन आजच द्या. उद्या घरी लगन हाये."

गिरणीवाला चक्की थांबवून माझ्याकडं पाहत राहिला. "अबे बाप्पा, दळनच तं हाये! रडून काऊन राहिला? पंधरा मिन्टात होते. घरी सब बरं हाये ना?" रांगेतल्या एका बाईनं मला पाणी दिलं. दुसरीनं 'पिऊन आला असंल' असं तिसरीला सांगितलं. त्यानंतर तिथं उभं राहणं मला शक्यच नव्हतं. दळण ठेवलं आणि निघालो.

मग टेलरच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. एक शब्द न बोलता! टेलरनं दोनदा विचारलं, "काही काम होतं का जी?" मी म्हटलं, "नाही, चालू द्या तुमचं." मला उभं राहायचंच सांगितलेलं होतं ना! तासाभरानं त्या बायकांच्या दुकानात मी नुसताच उभा आहे हे एका गिऱ्हाईकाच्या नवऱ्याला खटकलं. त्यानं माझी जी चौकशी केली तिच्या ओघात मी 'ब्लाऊज' असं ओरडलो. त्यावर टेलर शांतपणे म्हणाला, "तो? तो तं उद्या होईल."

त्या क्षणी मला खरंखुरं रडू आलं, पण तोपर्यंत टेलर जेवायला निघून गेला होता.

दोन तास झाले होते. ब्लाऊज नाही, दळण परत मागायला जायचं तोंड नाही. म्हटलं, जाऊ द्या. गुंड तर आहे! उद्या मांडवात माझं नाव खणखणीत वाजेल आणि ताई मान वर करून बसेल. त्या एका विचारावर मी चाचांच्या पायरीपर्यंत आलो.

चाचा घामाघूम झाले होते. पायरीवरची सहा-सात भांडी तशीच पडून होती आणि ते यंत्र बाजूला ठेवून बोटं मोडत होते.

"लो भैया. बहुत मेहनत लगी. तीस साल में ऐसा काम नहीं आया."

मी गुंड हातात घेतला. गळ्यापासून बुडापर्यंत, गोलगोल, ओळीखाली ओळ, मोत्यासारख्या अक्षरांत मजकूर कोरलेला होता. पहिली ओळ होती, '१. दळण.'

मी गुंड फिरवला. मग थोडा आणखी फिरवला. शालिनीची अख्खी यादी माझ्या डोळ्यांपुढून सरकत गेली. (हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद अर्धा क्षण झालाही! मी खोटं कशाला बोलू?)

"चाचा, ये क्या किया?"

"जो लिखा था वो किया. आपने बोला, एक अक्षर इधर का उधर नहीं."

"अरे, पर ये तो पीछे का है! नाव आगे लिखा था!"

चाचांनी पान उलटलं, भिंगांपाशी नेलं, सगळे रविवार तपासले. "ये चींटी जैसा? ये तो मुझे तारीख लगा." मग समजूत काढायच्या सुरात म्हणाले, "मेरे को भी लगा, चक्की का कायको लिखवा रहे. फिर सोचा, घर का मामला है, आपस की कुछ बात होगी. आखिर में एक फूल डाल दिया है. फूल का पैसा नहीं लिया."

बाकीच्याचा मात्र घेतला! मामी गाळून वाचवलेली सगळी रक्कम आणि तिच्यावर बरंच काही. अक्षरं मोजताना चाचांनी काना-मात्राही सोडला नाही. ब्लाऊजचे पैसे गेले, पेट्रोलचे गेले. गुंड घेऊन मी शेठकडं पळालो. शेठ म्हणाले, "नाम डल गया तो माल वापस नहीं होता." आणि मग त्यांनी उत्सुकतेनं गुंड फिरवला, वाचला, आणि छोटूलाही वाचायला दिला.

तिथून पॉलिशवाल्याकडं. त्यानं बोटानं पत्रा दाबून पाहिला आणि मान हलवली. "इतना पतला है, घिसूँगा तो आरपार हो जाएगा. मोटा होता तो मिटा देता." म्हणजे हलका घेतला म्हणून पैसे वाचले, आणि हलका घेतला म्हणूनच आता सुटका नव्हती. मी फुटपाथवर बसलो. गुंड मांडीत होता. लग्नाला जाऊच नये, ताप आला म्हणून कळवावं, असंही मनात आलं. पण मामा आलाच नाही, तर ताईची मान कुठं जाईल?

कुडव्याच्या वाटेवर पेट्रोल संपलं. एका हातानं स्कूटर ढकलत, दुसऱ्या हातानं पायाशी ठेवलेला गुंड सावरत मी घरी पोचलो. शालिनीनं गुंड घेतला आणि अंगणात उभ्यानं पूर्ण वाचला. मला वाटलं, आता कडाडेल. पण ती पायरीवर मटकन बसली.

"चार लोकायपुढं का तोंड दाखवू जी मी?" एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनंच तोड काढली. गुंडाला लाल ब्लाऊजपीस गुंडाळायचं (ब्लाऊज नसला तरी कापड होतं!), वर आंब्याची पानं, नारळ, हळदीकुंकू. आणि कुणी हात लावायच्या आत तो खाटेच्या पार मागच्या कोपऱ्यात ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी मांडवात तसंच केलं. पल्लवीच्या सासरची मंडळी सालेकस्याकडून आली होती, अडीचशे माणूस सहज असेल. माईकवर गावातले निवृत्त गुरुजी होते. चाळीस वर्षं शाळेत वाचून दाखवलेला आवाज! एकेक भांडं उचलत ते नावं सांगत होते. माझा गुंड हाती आला तेव्हा मी हळूच म्हणालो, "गुरुजी, मामाकडून. एवढंच सांगा."

"असं कसं?" गुरुजी म्हणाले. "मागच्या लग्नात एकाचं भांडं दुसऱ्याच्या नावानं पुकारलं गेलं. आता कोरलेलं वाचल्याबिगर मी बोलत नाही." आणि त्यांनी कापड सोडलं.

मी शालिनीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडावर घेतला. गुरुजींनी चष्मा पुसला, गुंड उजेडात धरला आणि एकेका विरामचिन्हाला मान देत वाचायला सुरुवात केली.

"मामाकडून एक पितळी गुंड. त्यावर मजकूर असा. एक. दळण. तिथंच उभे राहणे. दोन. ब्लाऊज. टेलरपुढे रडणे. तीन. मिक्सर दुरुस्ती. जास्त सांगितले तर परत आणणे." इथं त्यांनी गुंड फिरवला. "चार. गुंड. दिसायला मोठा, वजनाला हलका. भाऊजींना कळता कामा नये. पाच. पैसे उरले तर पेट्रोल, नाहीतर ढकलत येणे. पुढे एक फूल आहे."

आधी सालेकस्याकडचे हसले. मग आमचे हसले. मग आचारी झारा हातात घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यासाठी कुणीतरी पुन्हा वाचायला लावलं! भाऊजी तर खुर्चीवरून उठून उभे राहिले, पण हसून हसून त्यांना टोमणाच सुचेना. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ताईकडं पाहायचं टाळत होतो. आज ताईची मान झाकणाच्या वेळेपेक्षाही खाली गेली असणार, आणि तीही तिच्या लेकीच्या लग्नात, व्याह्यांपुढं.

ताई उठली. हसणाऱ्या बायकांमधून वाट काढत खाटेपाशी आली. तिनं गुंड एका हातानं उचलला, दोनदा वरखाली केला, कमरेवर ठेवून पाहिला. मग गुरुजींच्या हातातला माईक घेतला. आमची ताई आयुष्यात कधी माईकवर बोललेली नाही.

"मले आमच्या बाबानं सात किलोचा गुंड देल्लन होता," ती म्हणाली. "मांडवात साऱ्यायनं वाहवा केलन. तो गुंड कमरेवर घेऊन मी अकरा साल बोरिंगचं पानी आनली. वाहवा करनाऱ्यातला एकबी मानूस एक दिवस उचलाले नाही आला. हा माझी पोट्टी एका हातानं उचलंल." आणि गुंड पल्लवीच्या मांडीवर ठेवून माझ्याकडं पाहून म्हणाली, "नंदू, बेस केलास."

बायकांच्या बाजूचं हसू थांबलं. एका म्हातारीनं 'खरं हाये वो माय' म्हणून नकळत स्वतःच्या कमरेला हात लावला. भाऊजी खाली बसले. ताईची मान ताठ होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मला गुंडाच्या वजनाची चिंता होती आणि तो उचलतं कोण, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर आज माझ्याबद्दल लोक चांगलं बोलले असते.

पण मी छाती पुढं काढली आणि म्हणालो, "म्हनूनच तं हलका पाहून घेतलो ताई! मुद्दाम!"

"हव का?" ताई म्हणाली. माईक अजून तिच्या हातातच होता. "मंग 'भाऊजींना कळता कामा नये' हेबी मुद्दामच कोरलास का?"

पल्लवी आता सासरी रुळली आहे. गुंड रोज वापरात आहे, आणि नवी पाहुणी आली की आधी तिला तो वाचायला देतात. तिकडं सगळं गाव मला 'हलके मामा' म्हणतं. माझं वजन ब्याण्णव किलो आहे. पण हाक आली की मी मुकाट्यानं ओ देतो.